बुधवारी भरलेला बाटला, शुक्रवारी रिकामा: वर्कशॉपमधली गॅसगळती कशी शोधायची

आमच्याकडे भोसरी एमआयडीसीत गुरुवारची सुट्टी, त्यामुळे मला सगळ्यांत जास्त फोन शुक्रवारी सकाळी येतात. "दादा, परवाच नवा बाटला लावला होता, आज काटा शून्यावर. सप्लायरनं अर्धाच भरून दिलेला दिसतोय." भोसरी, तळवडे, कुदळवाडी, चाकण या भागातल्या फॅब्रिकेशन शेडमध्ये मी २२ वर्षं रेग्युलेटर, टॉर्च आणि गॅसलाइनची कामं करतोय. सप्लायरनं खरंच कमी भरून दिलं, असं मी फार थोड्या वेळा पाहिलं. बाकीच्या वेळी गॅस आपल्याच शेडमधून गेलेला असतो, आणि गळतीची जागा म्हणजे एखादा झिजलेला वायसर, सैल क्लिप नाहीतर संध्याकाळी उघडी राहिलेली चावी.

खालचा क्रम आर्गॉन, सीओटू, ऑक्सिजन आणि डीए (विरघळवून भरलेलं असिटिलीन) या चारही गॅसना लागू पडतो. प्रत्येकाचा धोका मात्र वेगळा आहे. तो जिथल्या तिथे सांगितला आहे.

लक्षणं

काम बंद असताना काटा उतरतो. तेवढ्याच कामाला आधी ८ दिवस जाणारा बाटला आता ५ दिवसांत संपतो. टॉर्चचं बटण सोडलेलं असतानाही फ्लोमीटरमधली (गॅस किती वाहतोय ते दाखवणाऱ्या नळीतली) गोळी तळाला बसत नाही. मिग वेल्डमध्ये (गॅसच्या आडोशात तार वितळवून केलेल्या वेल्डमध्ये) बारीक छिद्रं पडायला लागतात, कारण सैल जोडातून गॅस बाहेर जातो तशी बाहेरची हवाही आत ओढली जाऊ शकते. डीएच्या आसपास लसणासारखा वास येतो. गॅस कटर बंद केल्यावर रेग्युलेटरचा लहान गेज (नळीतला दाब दाखवणारा) हळूहळू वर चढत राहतो.

एक लक्षण मी मुद्दाम वेगळं ठेवलंय. टाकीत, पिटमध्ये किंवा बंद खोलीत काम करणाऱ्याला एकाएकी चक्कर आली किंवा तो बसल्या जागी निपचित पडला, तर गळती शोधत बसू नका आणि त्याच्या मागे आतही उतरू नका. आर्गॉन आणि सीओटू हवेपेक्षा जड असतात, खड्ड्यात साचतात, आणि त्यांना वास नसतो. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोक्याची समजतात, आणि आणखी उतरला की माणसाला काही कळायच्या आत त्याची शुद्ध जाते. वाचवायला उतरणारा दुसरा माणूसही तिथेच पडतो. बाहेरून व्हॉल्व्ह बंद करा, बाहेरूनच हवा सोडा, १०१ किंवा ११२ ला फोन करा.

कशालाही हात लावण्याआधी

गळती काडी किंवा लायटर पेटवून कधीही शोधायची नाही. "आर्गॉन तर पेटत नाही" म्हणून काडी लावणारे मी पाहिलेत. शेजारच्या ट्रॉलीवर डीए उभा असतो, हे त्यांच्या लक्षातही नसतं. डीएचा वास येत असेल तर दिव्याचं बटण ना चालू करायचं, ना बंद. दारं-खिडक्या उघडायच्या आणि माणसं बाहेर काढायची. ऑक्सिजनच्या कुठल्याही भागाला तेल, ग्रीस किंवा तेलकट हात लागता कामा नयेत, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ग्रीस ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं. ऑक्सिजन गळत असलेल्या जागी काम केलं असेल तर कपड्यांतही तो भरून राहतो. पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या हवेत काढल्याशिवाय बिडी पेटवू नका, ग्राइंडरजवळ जाऊ नका.

पहिली तपासणी, फुकटची: संध्याकाळी चावी कोण बंद करतं?

बऱ्याच शेडमध्ये या प्रश्नाला उत्तरच नसतं. वेल्डर टॉर्च टांगतो, मशीनचं बटण बंद करतो आणि घरी जातो. बाटल्याचा व्हॉल्व्ह उघडाच राहतो. मग रात्रभर सगळी नळी, सगळे जोड आणि मशीनमधला सोलेनॉइड (विजेवर उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) दाबाखाली असतात, आणि जिथे बारीकशी फट असेल तिथून गॅस निघत राहतो.

हिशोब साधा आहे. आर्गॉनच्या मोठ्या बाटल्यात साधारण ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर गॅस मावतो. बुधवारी संध्याकाळी ६ ते शुक्रवारी सकाळी ८ हे ३८ तास झाले. एवढ्या वेळात भरलेला बाटला रिकामा व्हायला मिनिटाला ३ लिटरची गळती पुरते. दिवसा कॉम्प्रेसर आणि ग्राइंडरच्या आवाजात ती ऐकूही येत नाही. मिनिटाला १ लिटर गळत असलं तरी पाच दिवसांत तेवढाच गॅस जातो.

म्हणून आठवडाभर एकच काम करा. सुट्टी झाल्यावर बाटल्याचा व्हॉल्व्ह बंद आणि भिंतीवरच्या वहीत काट्याचा आकडा. निम्म्या शेडमध्ये माझं काम इथेच संपतं.

दुसरी, तीही फुकट: ही खरंच गळती आहे का?

डिसेंबरात पुण्यात दुपारी ३० अंश असतं आणि पहाटे ११-१२. बंद बाटल्यातला दाब तापमानाबरोबर खाली-वर होतो. दुपारी १५० दाखवणारा काटा सकाळी १४० च्या आसपास दिसला तर त्यात गॅस गेलेला नसतो. पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हाच्या बाजूला उभ्या बाटल्यात हा फरक आणखी मोठा. तेव्हा आकडे रोज एकाच वेळेला घ्या, शक्यतो सकाळी काम सुरू करण्यापूर्वी.

सीओटूची गोष्ट निराळी आहे. बाटल्यात तो द्रवरूपात असतो, त्यामुळे आत गॅस किती उरलाय हे काटा सांगतच नाही. २० अंशांना काटा ५७ बारच्या जवळ राहतो, मग बाटला भरलेला असो की निम्मा उरलेला. द्रव संपला की काटा धाडकन खाली येतो, आणि मालकाला वाटतं एका रात्रीत गॅस गेला. सीओटूचा बाटला वजनावर मोजायचा असतो. रिकाम्या बाटल्याचं वजन त्याच्या खांद्यावर ठोकलेलं असतं. नवा बाटला आला की गाडीवाल्यासमोर वजनकाट्यावर ठेवा, वहीत लिहा, आठवड्यानं पुन्हा ठेवा. कमी भरल्याचा संशय असेल तर तोही इथेच मिटतो, आणि सप्लायरशी बोलताना तुमच्या हातात आकडा असतो.

तिसरी: फ्लो किती ठेवलाय?

"गॅस जास्त, वेल्ड चांगला" हा समज अजून गेलेला नाही. साध्या मिग कामाला मिनिटाला १० ते १५ लिटर पुरतात, टिगला (टंगस्टनच्या सुईनं करायच्या वेल्डिंगला) बहुतेक वेळा ६ ते १०. फ्लो २५ वर नेला की नोझलमधून गॅस घुसळत बाहेर पडतो आणि बाजूची हवा आत ओढतो, म्हणजे जास्त गॅस जाळून छिद्रंच जास्त पडतात. १२ लिटरनं ७ घनमीटरचा बाटला जवळपास पावणेदहा तास आर्क देतो, २४ लिटरनं निम्मे. दारातून वारा येत असेल तर फ्लो वाढवू नका, आडोसा लावा. वेल्डिंगचा पडदा एकदाच विकत घ्यावा लागतो.

चौथी: काट्याची परीक्षा

याला फार तर वीस मिनिटं लागतात आणि खर्च काही नाही. तरीही सगळ्यांत जास्त माहिती हीच परीक्षा देते, त्यामुळे सावकाश वाचा.

ऑक्सिजन किंवा डीएच्या सेटवर कटरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. बाटल्याचा व्हॉल्व्ह सावकाश उघडा आणि रेग्युलेटरवर रोजचा कामाचा दाब लावा. डीएचा व्हॉल्व्ह एका आट्याच्या वर उघडायचा नाही आणि व्हॉल्व्ह फिरवायचा पाना व्हॉल्व्हवरच ठेवायचा, म्हणजे वेळ आली तर लगेच बंद करता येतो. आता बाटल्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि रेग्युलेटरचा स्क्रू अर्धा आटा सैल करा. दोन्ही गेजवर मार्करनं काट्याच्या जागी खूण करा आणि पंधरा मिनिटं थांबा.

स्क्रू सैल केल्यानं मोठ्या दाबाची आणि लहान दाबाची बाजू एकमेकींपासून तुटते. मोठा गेज उतरला तर गळती बाटला-रेग्युलेटरच्या जोडात किंवा गेजच्या बुडाशी आहे. लहान गेज उतरला तर नळी, क्लिप किंवा कटर बघायचा. मोठा उतरतोय आणि लहान चढतोय, असं दिसलं तर रेग्युलेटरच्या आतली सीट (गॅस अडवणारी बैठक) गेली आहे. त्याबद्दल पुढे.

लोक विचारतात, बाटला उघडाच ठेवून काटा पाहिला तर चालणार नाही का? बाटल्यात ४७ लिटरची जागा आहे, बारीक गळतीनं तिथला काटा तासाभरात हललेलाही दिसत नाही. व्हॉल्व्ह बंद केला की रेग्युलेटरच्या पोटात उरतो चमचाभर जागेतला गॅस. त्यातला थोडासा गेला तरी काटा लगेच खाली येतो.

मिग-टिगच्या फ्लोमीटरला लहान गेज नसतो. तिथे टॉर्च बंद ठेवून बाटला उघडा, मग बंद करा आणि मोठ्या गेजवर लक्ष ठेवा. उतरला तर फ्लोमीटरची गुंडी पूर्ण बंद करून पुन्हा करा. आता काटा थांबला तर गळती पुढे, नळीत किंवा मशीनमध्ये. तरीही उतरत राहिला तर गळती मागे, जोडात.

पाचवी: फेस

गळती कुठल्या बाजूला आहे हे कळल्यावरच फेस लावा. सगळीकडे फासत बसलं की डोळ्यांसमोरचा बुडबुडा चुकतो. आर्गॉन आणि सीओटूसाठी पाण्यात भांडी धुण्याचं लिक्विड घालून ब्रशनं लावलं तरी चालतं. ऑक्सिजनसाठी मात्र तेलरहित, ऑक्सिजनला चालणारं गळती-तपासणीचं द्रावणच घ्या. अंगाचा साबण चरबीपासून बनतो, तो तिथे नको.

जोडावर, गेजच्या बुडाला, क्लिपखाली आणि व्हॉल्व्हच्या स्पिंडलभोवती (फिरवायच्या दांड्याभोवती) लावा. स्पिंडल बाटला उघडा असताना तपासा, कारण तिथली गळती व्हॉल्व्ह उघडल्यावरच दिसते. मोठे बुडबुडे लगेच दिसतात. बारीक गळतीचा फेस मिनिटभरानं पांढऱ्या दाण्यांसारखा जमतो, तेवढा वेळ थांबा.

सहावी: स्वस्तातल्या दुरुस्त्या

सीओटूच्या जोडात सपाट वायसर असतो. तो चेपला, चिरला की गळतो. प्रत्येक बाटला बदलताना तो बघा आणि दोन जादा ठेवा. ज्या जोडात धातू धातूवर बसतो, तिथे वायसरही नको आणि टेफ्लॉन टेपही नको. टेपचे धागे तुटून रेग्युलेटरच्या सीटवर जाऊन बसतात. तिथे गळत असेल तर व्हॉल्व्ह बंद करा, दाब सोडा, दोन्ही तोंडं कोरड्या, स्वच्छ कपड्यानं पुसा आणि पुन्हा लावा. नट आवळूनही गळत असेल तर पान्याला पाइप लावून जोर करू नका. तोंडावर चरा पडलेला असतो, तो आवळल्यानं जात नाही.

डीएच्या जोडाचे आटे उलटे असतात आणि नटावर खाचा असतात. ऑक्सिजनचा नट डीएला बसू नये म्हणून ही सोय केलेली आहे. जोड बसत नाही म्हणून मधे कुठला अॅडॅप्टर घालू नका.

नळी वाकवून बघा, भेगा वाकल्यावरच उघडतात. दाब देऊन स्वच्छ पाण्याच्या बादलीत वेटोळं बुडवलं की बुडबुड्यांची जागा सापडते. भेग पडलेली नळी चिकटपट्टीनं गुंडाळायची नाही, बदलायची. क्लिपच्या जागी बांधायची तार वापरली असेल तर आजच काढा. तार रबरात रुतते आणि आतून नळी कापते.

तळवड्यात एका शेडमध्ये मी डीएची तुटलेली लाल नळी पाहिली होती. मधे फ्रिजच्या तांब्याच्या नळीचा तुकडा घालून जोडलेली. जोडणारा पोरगा हुशार होता, त्यानं जोड अगदी घट्ट बसवला होता, एक बुडबुडा नव्हता. पण असिटिलीन तांब्याबरोबर एक संयुग तयार करतं, आणि ते धक्क्यानं किंवा घासल्यानं फुटतं. न गळणारा तो जोड त्या शेडमधली सगळ्यांत धोक्याची वस्तू होती. त्याला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. डीएच्या लाइनमध्ये तांबं कुठेच नको.

मिगमध्ये बटण सोडल्यावर नोझलच्या तोंडावर फेसाचा पडदा धरा. तो फुगत असेल तर मशीनमधल्या सोलेनॉइडमध्ये कचरा अडकलाय. मशीनचा प्लग काढून सोलेनॉइड साफ करणं किंवा बदलणं हे काम जाणत्या फिटरकडून करून घ्या.

इथे थांबा

यापुढची कामं स्वतः करायची नाहीत. मी स्वतः रेग्युलेटर दुरुस्त करतो, पण बाटल्याच्या व्हॉल्व्हला मीही हात लावत नाही.

लहान गेज आपोआप चढत असेल तर रेग्युलेटर लगेच काढून बाजूला ठेवा. सीट गेलेली असताना बाटल्यातला मोठा दाब नळीत आणि कटरमध्ये येऊ शकतो. डीएमध्ये हे जास्तच घातक, कारण १ किलोच्या वर दाब गेलेलं मोकळं असिटिलीन हवा नसतानाही फुटू शकतं. बाटल्यात ते असिटोनमध्ये विरघळवून सच्छिद्र भरावात ठेवलेलं असतं, म्हणून तिथे टिकतं, नळीत ते संरक्षण नाही. ऑक्सिजनचा रेग्युलेटर टपरीवर उघडून ग्रीस लावून आणणं तर कधीच नको.

स्पिंडलभोवती गळत असेल किंवा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल, तर ग्लँड नट आवळण्याच्या भानगडीत पडू नका. बाटला आणि त्याचा व्हॉल्व्ह सप्लायरची जबाबदारी आहे, आणि देशभर ते गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतं. नागपूरला मुख्यालय असलेली पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) ते बघते. शक्य असेल तर बाटला उभाच ठेवून मोकळ्या जागी न्या, आसपास ठिणगी होऊ देऊ नका आणि सप्लायरला बोलवा. बाटल्यावरची तपासणीची तारीख उलटली असेल तर गळत नसला तरी परत करा.

डीएचा बाटला हाताला गरम लागला, किंवा कटरमध्ये फटकारा मारून ज्योत मागे गेल्यावर बाटला तापायला लागला, तर आत असिटिलीनचं विघटन सुरू झालेलं असू शकतं. जवळ जाऊन हात लावून पुन्हा खात्री करायची नाही. सगळ्यांना लांब न्या, शेजारच्या शेडला सांगा, १०१ ला फोन करून "असिटिलीनचा बाटला तापलाय" असं स्पष्ट सांगा. पाणी मारायचं ते अग्निशमन दलानं, आडोशाआडून. फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत मागे जाऊ न देणारा भाग) नसलेला डीएचा सेट मी आता चालू करूनच देत नाही.

मॅनिफोल्ड (बरेच बाटले एकत्र जोडणारी नळी) आणि भिंतीवरून फिरवलेली पाइपलाइन असेल आणि गळती तिथे असेल, तर ब्रेझिंग, कापाकापी आणि दाब चाचणी हे सगळं परवानाधारक ठेकेदाराचं काम आहे.

"थोडं गळतंय, चालतंय"

हे वाक्य मी आधी ऐकून सोडून द्यायचो. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या एका रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळला, दाब पडला आणि २० हून अधिक रुग्ण गेले. दुसऱ्याच दिवसापासून केंद्राच्या आदेशानं बहुतेक उद्योगांचा ऑक्सिजन थांबला. आमच्या पट्ट्यातली कटिंगची कामं बंद पडली. तेव्हा मी रिकाम्या शेडमधून फिरलो आणि आपण आठवड्याला किती ऑक्सिजन सैल क्लिपमधून सोडत होतो, याचा हिशोब मनात करत राहिलो. तेव्हापासून सोडून देत नाही.

हवेत आर्गॉन असतो ०.९३ टक्के. एका बाटल्याच्या ७ घनमीटरसाठी प्लँटला किमान ७५० घनमीटर हवा घ्यावी लागते, दाबावी लागते, उणे १८० अंशांच्या खाली नेऊन वेगळी करावी लागते. खर्च मुख्यतः विजेचा. ऑक्सिजनच्या एका बाटल्यात गॅस असतो जेमतेम ९ किलो आणि त्याभोवतीचं लोखंड ५० किलोंहून जास्त. ते लोखंड टेंपोत चढवून चाकणच्या ट्रॅफिकमधून आणायचं आणि परत न्यायचं. गळतीनं रिकामा झालेला प्रत्येक बाटला ही सगळी वीज आणि ते डिझेल पुन्हा मागतो, आणि शेडमधल्या माणसाच्या नाकाभोवतीची हवाही बदलतो.

मला किंवा कुणालाही बोलावताना

एवढं लिहून ठेवा: कुठला गॅस, रोजचे सकाळचे आकडे, काट्याच्या परीक्षेत कुठला गेज किती वेळात किती उतरला, फेस कुठे दिसला. एवढी माहिती फोनवर मिळाली तर अर्ध्या वेळा मी बरोबर तोच वायसर घेऊन येतो.

काढून ठेवलेल्या रेग्युलेटरवर खडूनं "खराब" लिहा आणि कपाटात कुलपात ठेवा, नाहीतर रात्रपाळीचा माणूस तोच पुन्हा लावतो. परत द्यायच्या बाटल्यात थोडा दाब राहू द्या, म्हणजे दमट हवा आत जात नाही. व्हॉल्व्ह बंद करा, टोपी लावा. गळका असेल तर मानेला दोरीनं पुठ्ठा बांधून त्यावर लिहा: "गळतो, स्पिंडलजवळ". गाडीवाल्याला तोंडानं सांगितलेलं भरण्याच्या प्लँटपर्यंत पोचत नाही, आणि तोच बाटला पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाच्या शेडमध्ये येतो.